दहा टन द्राक्षं, पहिलं गाळप : टाक्या, चिलर, शिराजचा पीएच आणि शिकायला कुठे जायचं?

दिंडोरी_उतार
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षांची बाग आहे : चेनिन ब्लांक (पांढरी वाइन) आणि शिराज (रेड), दोन्ही डॉगरिज खुंटावर. आजवर माल करारावर मोठ्या वायनरीला जातो. येत्या हंगामात ७ टन चेनिन आणि ३ टन शिराज स्वतः गाळायचं ठरलंय. शेड उभी आहे, उत्पादन शुल्क विभागाकडची फाईल पुढे सरकतेय. प्रश्न असे :
टाक्या किती आणि कोणत्या मापाच्या? चिलर किती टनाचा? शिराजचा पीएच तोडणीला ३.८ दाखवतो, त्याचं काय करावं? आणि घरातल्या एकाला एकदाच बाहेर पाठवता येईल. दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलनबॉश की फ्रान्स, आणि कोणत्या महिन्यात?

टाकीवाला
दादा, आधी हिशेब. टनामागे साधारण ६३० लिटर रस धरा. प्रेस दाबून दाबून ७०० काढता येतो, पण शेवटच्या रसाचा पीएच चढलेला असतो आणि सालीचा तुरटपणाही त्यात उतरतो. म्हणजे चेनिनचा रस ४,४०० लिटर. शिराजची वाइन प्रेसनंतर २,००० च्या आसपास.

५,००० लिटरची एकच टाकी स्वस्त पडते म्हणून घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. फर्मेंटेशन चालू असताना वर १२-१५ टक्के जागा रिकामी लागते, पण ते संपल्यावर तीच रिकामी जागा वाइन मारते. त्यामुळे २,५०० च्या दोन, १,००० ची एक, ५०० ची एक, आणि ५० लिटरचे स्टीलचे तीन-चार केग. चेनिन दोन मोठ्या टाक्यांत फर्मेंट होतं. खालचा गाळ सोडून वाइन वर काढली की ४,१५० लिटर उरतं. ते २,५०० + १,००० + ५०० + तीन केग असं काठोकाठ बसतं आणि दुसरी २,५०० ची टाकी मोकळी होते.

ती मोकळी झालेली टाकी शिराजला वापरा. तुमच्याकडे चेनिन जानेवारीत उतरतं, शिराज फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, म्हणजे वेळ जुळते. ३ टन चुरलेलं शिराज सालीसकट २,८०० लिटर जागा खातं, शिवाय साल वर येते म्हणून २५-३० टक्के मोकळी जागा. त्यासाठी आणखी एक १,५०० ची तरंगत्या झाकणाची टाकी घ्या. फर्मेंटेशनला झाकण काढून उघडी वापरायची, नंतर झाकण वाइनवर टेकवून हवेची ट्यूब फुगवायची. प्रेसनंतर १,५०० त्या टाकीत, उरलेलं २२५ लिटरच्या दोन बॅरलमध्ये.

एक गोष्ट ऑर्डर देतानाच सांगा : दोनपैकी एका २,५०० च्या टाकीला खाली चौकोनी मॅनहोल हवं, तळाच्या अगदी लगत, आणि तळ दाराकडे उतरता. नाही तर वाइन काढून घेतल्यावर आत साचलेला सगळा चोथा वरच्या भोकातून बादलीने उपसावा लागतो. फॅब्रिकेटर हे आपणहून विचारत नाही.

दिंडोरी_उतार
मॅनहोलचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद. आणि चिलर?

टाकीवाला
चिलरबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. फर्मेंटेशनच्या उष्णतेला ते घाबरतात. प्रत्यक्षात साखर १ ब्रिक्स (म्हणजे साधारण १ टक्का) उतरली की रस साधारण १.३ अंशाने तापतो. ४,४०० लिटर रस दिवसाला २ ब्रिक्सने उतरत असेल तर २४ तासांत साडेअकरा हजार किलोकॅलरी. म्हणजे ताशी ५०० सुद्धा नाही. १ टीआर (चिलरचा ‘एक टन’) म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. शेडच्या उन्हाची भर घातली तरी हे लहानच काम.

मोठं काम आहे ते आलेला रस थंड करण्याचं. दुपारी तोडलेला माल २८ अंशावर येतो. त्या ४,४०० लिटरला आठ तासांत १२ अंशावर आणायचं तर जवळपास ३ टीआर नुसते तिथेच गेले. तोच माल पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात तोडून सूर्य वर यायच्या आत शेडमध्ये आणला, तर १५ अंशावर मिळतो आणि अर्ध्या टीआरमध्ये भागतं. तेव्हा चिलरचं कोटेशन मागवण्याआधी तोडणीच्या टोळीशी वेळेचं बोला.

कोटेशनमधली दुसरी मेख : टीआरचा आकडा बहुतेक वेळा ७ अंशाच्या पाण्यावर दिलेला असतो. तुम्हाला ग्लायकॉल (टाकीभोवती फिरणारं, न गोठणारं द्रावण) उणे ८ वर हवं, कारण बाटलीत खडे पडू नयेत म्हणून वाइन उणे ४ ला ठेवायची असते. तिथे त्याच मशीनची ताकद साधारण अर्ध्यावर येते. ‘उणे ८ ला किती टीआर’ हे लेखी घ्या. तुमच्या मापाला त्या तापमानाला दीड-दोन टीआर पुरे, पण तोडणी पहाटेचीच हवी.

मळेकरी
जनरेटर विसरू नका. फेब्रुवारीत शेतीच्या फीडरवर वायनरी चालवायची म्हणजे लोडशेडिंग ठरलेलं. जनरेटर निवडताना चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होतानाचा करंट बघा, चालू असतानाचा नाही.

पीएच_साडेतीन
शिराजच्या ३.८ बद्दल. हे हलक्यात घेऊ नका. सल्फर डायऑक्साइडचा जंतूंवर काम करणारा भाग म्हणजे त्याचा मोलेक्युलर अंश, आणि तो पीएचवर ठरतो. ०.८ मिलीग्रॅम मोलेक्युलर मिळवायला पीएच ३.३ ला फ्री सल्फर २६ पीपीएम (लिटरला मिलीग्रॅम) पुरतो, ३.५ ला ४० लागतो आणि ३.८ ला ७९! इतका सल्फर घातलेली वाइन नाकाला झोंबते. रेड वाइनला ०.५ मोलेक्युलरवर भागवलं तरी ३.८ ला ५० पीपीएम झाले. अशा पीएचला ब्रेट या उपद्रवी यीस्टचा घोड्याच्या तबेल्यासारखा वास बॅरलमध्ये हमखास शिरतो आणि रंगही निळसर, मेलेला दिसतो.

उपाय : टार्टारिक ॲसिड, आणि तेही फर्मेंटेशनच्या आधी. अंदाज असा की लिटरला १ ग्रॅमने पीएच ०.१ ने उतरतो, पण डॉगरिजवरच्या मालात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे हा अंदाज फसतो. म्हणून आधी चाचणी घ्या. १० टक्क्यांचं टार्टारिकचं द्रावण करा (१० ग्रॅम पावडर, पाणी घालून १०० मिली). १०० मिली रसाचे चार ग्लास घ्या, त्यांत १, २, ३, ४ मिली द्रावण घाला. १ मिली म्हणजे लिटरला १ ग्रॅम. अर्ध्या तासाने ढवळून पीएच बघा. ३.५ च्या आसपास जो ग्लास येईल ती मात्रा. चवही घ्या. ३ ग्रॅमच्या पुढे जावं लागत असेल तर ३.६ वर थांबा, आंबट पाण्यासारखी वाइन कुणाला नको असते.

पीएच मीटर रोज ४ आणि ७ च्या बफरने कॅलिब्रेट करा. इलेक्ट्रोड कोरडा पडला की आकडे खोटे येतात, आणि त्या खोट्या आकड्यावर कुणीतरी ५ किलो टार्टारिक ओततं.

रानवेल
वरचं सगळं बरोबर, पण हा इलाज रोग झाल्यावरचा झाला. पीएच बागेत बिघडतो. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाची सवय अशी की मण्यात पाणी उतरायला लागलं की ०-०-५० या पोटॅशच्या खताच्या फवारण्या सुरू, गोडी यावी म्हणून. वाइनच्या बागेत तेच केलं तर पोटॅश मण्यात जाऊन बसतं आणि पीएच वर. देठ परीक्षण करून घ्या, पोटॅशियम पुरेसं असेल तर तो खर्चच बंद करा. मणी फुगवणारं जीए (जिबरेलिक ॲसिड) तर वाइनच्या बागेत हवंच कशाला? मणी जितका लहान, तितकं रसाला साल जास्त.

आणखी दोन फवारण्या सांभाळा. भुरीसाठी गंधक शेवटच्या महिन्याभरात मारू नका. घडावर राहिलेलं गंधक टाकीत जातं आणि यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं, सडक्या अंड्याचा वास. पुढे कधी सोव्हिन्यों ब्लां लावलंत तर तोडणीजवळ तांबंही नको, त्या वाणाचा पेरूसारखा सुगंध तांब्याने जातो. केवडा रोगासाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) पावसाळ्यातच उरकून घ्या.

डॉगरिज उपटून ११० आर खुंट लावा असं मी म्हणणार नाही. चालू बाग उपटणं परवडत नाही. नवीन लागवड करताना मात्र विचार करा.

सखुबाई_सेलर
आता चेनिनचं गाळप. तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या वर्षी घोळ इथेच होतो.

माल टेबलावर निवडा. कुजका, फुटलेला मणी बाहेर. क्रशरमधून पडतानाच केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फर देणारी पावडर), टनाला ४५ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. एवढ्याने रसात ४० पीपीएम येतो. केएमएस मागच्या वर्षीचं उघडं पोतं असेल तर फेकून द्या, ओल धरली की ताकद जाते. प्रेसचा रस १०-१२ अंशावर १८ ते २४ तास निवळू द्या, मग वरचा रस दुसऱ्या टाकीत. फार नितळही नको. काचेसारखा रस केला तर फर्मेंटेशन अर्ध्यावर रेंगाळतं.

यीस्ट हेक्टोलिटरला (१०० लिटरला) २० ग्रॅम. २,२०० लिटरच्या टाकीला ४४० ग्रॅम, ३८ अंशाच्या साडेचार लिटर स्वच्छ पाण्यात. वरून भुरभुरा, १५ मिनिटं तसंच राहू द्या, मग हलवा. ते पाणी ३८ वर आणि टाकी १२ वर असताना थेट ओतलं तर अर्धं यीस्ट मेलं समजा. टाकीतला रस थोडा थोडा त्यात मिसळत दर १० मिनिटांनी तापमान उतरवा. फरक १० अंशांच्या आत आला की टाकीत सोडा. डीएपी (यीस्टला नायट्रोजन देणारं खाद्य) या पाण्यात कधीही घालू नका.

रसातला यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन (यान) मोजून घ्या. समजा १३० आला आणि तुम्हाला २०० हवा. १०० पीपीएम डीएपी म्हणजे २१ पीपीएम नायट्रोजन, म्हणून ७० च्या तुटीला ३३० पीपीएम, टाकीला सव्वासातशे ग्रॅम. अर्धं २-३ ब्रिक्स उतरल्यावर, अर्धं साखर एक तृतीयांश संपल्यावर, म्हणजे २२ वरून सुरुवात असेल तर १५ च्या सुमारास. अर्ध्याच्या पुढे घालून उपयोग नाही. मद्यार्क वाढला की यीस्ट ते घेतच नाही, उरतं ते जंतूंना.

तापमान १३ ते १५. दिवसाला १ ते २ ब्रिक्स उतरायला हवं. १ च्या खाली गेलं तर १७ पर्यंत चढवा. ब्रिक्सची नोंद सकाळ-संध्याकाळ, भिंतीवरच्या कागदावर. मोबाईलमध्ये लिहिलेलं कुणी बघत नाही.

अंड्याचा वास आलाच तर आधी डीएपी आणि थोडी हवा. फर्मेंटेशन संपल्यावरही राहिला तर तांब्याची चाचणी, लिटरला ०.१ ते ०.५ मिलीग्रॅम, ग्लासमध्ये ठरवून मगच टाकीत.

नाणेघाट_७
एवढी रसायनं कशाला? सालीवरच्या नैसर्गिक यीस्टवर सोडून द्या. युरोपात सगळे तेच करतात.

सखुबाई_सेलर
सगळे नाही करत. आणि जे करतात त्यांच्याकडे रसाचा पीएच ३.१ असतो, ऑक्टोबरचं तळघर १२ अंशावर असतं. आपल्याकडे ३.७ पीएच आणि बाहेर ३२ अंश. नैसर्गिक यीस्टला वेग येईपर्यंत तीन-चार दिवस जातात, तेवढ्यात व्हिनेगरचे जंतू आणि नेलपॉलिशचा वास देणारी यीस्टं घर करतात. हौस असेल तर ५०० लिटरच्या टाकीत करा, सगळ्या मालावर नको.

मळेकरी
सुरक्षेचं कुणीच बोललं नाही. एक लिटर रस फर्मेंट होताना ४०-५० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड, शेडच्या खालच्या भागात आणि टाकीत साचतो. शिराजचा चोथा काढायला माणूस टाकीत उतरवण्याआधी ब्लोअरने हवा खेळवा, गॅस मीटरने बघा, बाहेर दुसरा माणूस दोरी धरून उभा. मेणबत्तीच्या भरवशावर राहू नका. आतला कोसळला तर त्याला काढायला तसंच आत उडी मारू नका, अशा अपघातात दुसरा जीव तसाच जातो. शेडला खालच्या बाजूला झरोके ठेवा. नुसता वरचा एक्झॉस्ट फॅन जमिनीलगतचा गॅस काढत नाही.

धुलाईला ब्लीचिंग किंवा क्लोरीन नको. लाकूड, कॉर्क आणि क्लोरीन एकत्र आले की टीसीए नावाचं रसायन तयार होतं आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास. कॉस्टिक, मग पाणी, मग सायट्रिक, मग पाणी. धुण्याचं पाणी नाल्यात सोडू नका. त्याचा बीओडी (पाण्यातला ऑक्सिजन खाणारी घाण) प्रचंड असतो, प्रदूषण मंडळाच्या संमतीत त्याची सोय दाखवावी लागते.

परदेशी_काडी
आता प्रवासाचं. कॅलेंडर समोर ठेवा. आपली गोडी छाटणी सप्टेंबरात, तोडणी जानेवारी ते मार्च. स्टेलनबॉशची तोडणीही जानेवारीअखेर ते मार्च-एप्रिल. म्हणजे तुमच्या टाक्या भरलेल्या असताना तुमचा माणूस केपटाउनात! दक्षिण गोलार्धातलं गाळप आपल्या वायनरीवाल्याला कधीच सोयीचं नाही, ऑस्ट्रेलियाचंही तेच.

चेनिन असेल तर लुआरच्या खोऱ्यातलं व्हूव्रे गाठा. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तूर शहर सुमारे सव्वा तास, तिथून गाव १० किलोमीटर. चुनखडीच्या कड्यात कोरलेली तळघरं, बारमाही १२ अंशांच्या आसपास. त्यांना चिलर लागत नाही, ते शिकायला जाऊही नका. शिकायचं ते हे की एकाच वाणापासून तोडणीची वेळ बदलून ते कोरडी, किंचित गोड, पूर्ण गोड आणि फसफसणारी अशा वाइन करतात. फसफसणारीसाठी माल लवकर, आंबट असताना तोडतात. तुमच्या ७ टनांतला १ टन लवकर, १८ ब्रिक्सला तोडून तसा प्रयोग करता येईल.

चेनिनची तोडणी तिथे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. अडचण अशी की तेव्हा आपल्याकडे छाटणीनंतरची कोवळी फूट आणि परतीचा पाऊस, म्हणजे केवड्याचा ऐन धोका. बागेत फवारणीचा निर्णय घेणारा माणूस मागे राहत असेल तरच जा. नसेल तर ऑगस्टअखेर दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकला जा. दक्षिणेकडे तोडणी लवकर सुरू होते, शिराजही भरपूर आणि हवा आपल्यासारखी तापलेली.

स्टेलनबॉशला जायचंच तर जुलै-ऑगस्टमध्ये. तिथे तेव्हा छाटणी आणि बाटली भरणं चालतं. जुन्या, मांडवाशिवायच्या झुडपी चेनिनच्या बागा स्वार्टलँडमध्ये बघा. ३५ वर्षांवरच्या बागांना तिथे प्रमाणित करून बाटलीवर तशी मोहोर लावतात, विक्रीच्या दृष्टीने ते बघण्यासारखं आहे.

कुणी पैसे फेकायला तयार असेल तर मी ब्राझीलचं पेट्रोलिना सुचवीन. विषुववृत्तापासून ८-९ अंशांवर, साओ फ्रान्सिस्को नदीच्या पाण्यावर, वेल कधी झोपतच नाही, छाटणीने हंगाम ठरवतात. आपल्या दोन छाटण्यांच्या पद्धतीशी जगात सर्वांत जवळचं ते. युरोप आपल्याला चव शिकवतो, बाग तिकडे शिकता येते.

परदेशी_काडी
काही बारीक गोष्टी राहिल्या. फ्रान्समधले लहान उत्पादक दार उघडून बसलेले नसतात. ईमेलने वेळ घ्या. दुपारी १२ ते २ कुणी भेटत नाही. दिवसाला तीन भेटी पुष्कळ झाल्या. थुंकायचं भांडं मागा, त्यात कमीपणा नाही. न मागणारा माणूस शिकायला आलेला वाटत नाही. पर्यटक व्हिसावर तोडणीचं काम करता येत नाही, फुकट केलं तरी अडचण. बघायला जा.

सामानात द्राक्षाची काडी आणू नका, एकसुद्धा. आयात परवाना आणि क्वारंटाइनशिवाय ते बेकायदा आहेच, शिवाय पान वळवणारा विषाणू काडीतून सगळ्या बागेत जातो. बूट धुऊन जा, धुऊन या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीमुळे बागांच्या बांधावर बूट निर्जंतुक करायला लावतात. येताना मद्य माणशी २ लिटर करमुक्त, म्हणजे ७५० च्या दोन बाटल्या.

रानवेल
फ्रान्सच्या आधी विंचूर आणि सांजेगावच्या वायनरी बघा! आणि फेब्रुवारीत पहाटे सहाला जा, टेस्टिंग रूम उघडते तेव्हा नाही. दुपारी तिथे ग्लास दिसतात, पहाटे क्रशर दिसतो. तिकडे जमिनीचा उतार, गटारीची रुंदी, पाईपची कपलिंग बघा. अकलूजकडेही जाऊन या, तिथली माती आणि ऊन वेगळं, शिराज कसं वागतं ते कळेल. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात खुंट आणि पोटॅशचे प्रश्न घेऊन जा, ते तिकिटापेक्षा स्वस्त पडेल.

दिंडोरी_उतार
खूप मिळालं. व्हूव्रे नक्की, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बागेत भाऊ राहील. शेवटचा प्रश्न : चेनिन बाटलीत गढूळ होऊ नये म्हणून काय?

सखुबाई_सेलर
गढूळपणा दोन प्रकारचा. खडे पडतात ते टार्टरेट. वाइन उणे ४ ला आठ-दहा दिवस ठेवा, थंड असतानाच गाळा. गरम होऊ दिलीत तर खडे परत विरघळतात.

दुसरा धूसरपणा प्रथिनांचा, गोदामात उन्हाळ्यात दिसतो. गाळलेली वाइन ८० अंशाला दोन तास तापवा, थंड करून टॉर्चच्या उजेडात बघा. धुकं दिसलं तर बेंटोनाइट (प्रथिनं ओढून घेणारी माती), लिटरला ०.५ ते १ ग्रॅम, पुन्हा ग्लासमध्ये ठरवून. बेंटोनाइट आदल्या दिवशी गरम पाण्यात भिजवून ठेवा, कोरडं टाकलं तर तळाशी गोळा होऊन बसतं. हे आधी, थंड करणं नंतर.

बाटली भरताना फ्री सल्फर ३० ते ३५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १ मिलीग्रॅमच्या आत, शेवटचा फिल्टर ०.४५ मायक्रॉनचा. थोडीही साखर उरली असेल तर हा फिल्टर सोडू नका, नाही तर मे महिन्यात झाकणं उडतील. आपल्या गोदामांच्या तापमानाला चेनिनला स्क्रू कॅपच बरी. पण बाटलीचं तोंड त्या कॅपचं आहे ना, हे नमुना मागवून बघा. कॉर्कच्या बाटलीवर कॅप बसत नाही आणि काचेचा कारखाना एक पोतं बाटल्या परत घेत नाही.

टाकीवाला
आणि लेबल. सल्फाइट असल्याचा उल्लेख आणि वैधानिक इशारा त्यात हवा. उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी हातात येईपर्यंत छापायला देऊ नका. ६,४०० लिटरमधून गाळ, फिल्टर वगैरेची घट ७ टक्के धरली तर ७,९०० बाटल्या होतात, लेबलं ८,५०० छापा. मशीन बसवताना पाचशे वाया जातातच. चेनिन ऑगस्टपर्यंत विकून पैसा फिरवायचा आहे, शिराजचा पैसा पुढच्या वर्षीशिवाय दिसणार नाही. त्यामुळे बॅरल घेताना दोनच घ्या, त्यांतलं एक जुनं.

दिंडोरी_उतार
टाकीवाले दादा, मॅनहोलचं ड्रॉइंग काढून फॅब्रिकेटरला पाठवतोय. दाराची रुंदी किती धरू?

टाकीवाला
४०० बाय ५०० मिलिमीटर. फावडं सरळ आत गेलं पाहिजे. गास्केट फूड ग्रेड सिलिकॉनचं, आणि एक जादा मागून ठेवा.